पहिल्या अध्यापकीय नियुक्तीची पूर्वतयारी आणि बदलते पात्रता-नियम : एक ऐतिहासिक अभ्यास (1986 ते 2023)

बीजसंज्ञा : अधिव्याख्याता, सहायक प्राध्यापक, नेट-सेट, एम.फिल., विनियम, पूर्वतयारी.

प्रस्तावना :

वरिष्ठ महाविद्यालयातील पहिली नियुक्ती हा उच्चशिक्षित तरुणाच्या आयुष्यातील निर्णायक टप्पा होय. पदव्युत्तर पदवी, नेट किंवा सेट परीक्षा, संशोधन पदवी, तासिका तत्त्वावरील अध्यापन आणि मुलाखतींची फेरी असा हा प्रवास अनेक वर्षे चालतो. या प्रवासाची तयारी कशी करावी, याविषयी विद्यार्थ्यांना मिळणारा सल्ला बहुधा सल्ला देणाऱ्याच्या स्वतःच्या नियुक्तीच्या काळातील असतो. 1985 साली नियुक्त झालेल्या प्राध्यापकाने आपल्या विद्यार्थ्याला एम.फिल. करण्यास सांगितले, तर त्यात त्याची काही चूक नव्हती. त्याच्या काळात ती पदवी पुरेशी होती. तथापि विद्यार्थी ती पूर्ण करून बाहेर पडेपर्यंत नियम बदललेला असे.

पात्रतेच्या नियमांचा इतिहास हा केवळ प्रशासकीय इतिहास नाही. ज्यांनी त्या त्या वेळच्या नियमांवर विसंबून आपली उमेदीची वर्षे खर्च केली, अशा एका पिढीचा तो इतिहास आहे. त्यामुळे पहिल्या नियुक्तीची नियोजनपूर्वक तयारी कशी करावी या प्रश्नाचे उत्तर शोधताना या इतिहासाकडे वळणे आवश्यक ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे :

1. 1986 ते 2023 या काळात अध्यापकपदाच्या किमान पात्रतेत झालेल्या प्रमुख बदलांचा आढावा घेणे.
2. या बदलांचा महाराष्ट्रातील उमेदवारांवर व नवनियुक्त अध्यापकांवर झालेला परिणाम तपासणे.
3. या इतिहासाच्या आधारे पूर्वतयारीची काही सूत्रे मांडणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम, शासन निर्णय आणि न्यायालयीन निर्णय यांचा आधार घेतला आहे.

पात्रता परीक्षेचा उदय (1986 ते 1991) :

विद्यापीठ अनुदान आयोगाला 1956 च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळाला. उच्च शिक्षणाचा दर्जा राखणे हे आयोगाचे काम असले, तरी आरंभीच्या काळात अध्यापकाची निवड प्रामुख्याने विद्यापीठे व शिक्षणसंस्था यांच्याच हाती होती. पदव्युत्तर पदवीतील चांगले गुण आणि संशोधनाची तयारी दर्शविणारी एम.फिल. वा तत्सम पदवी हा पात्रतेचा सर्वसाधारण आधार होता. मात्र निरनिराळ्या विद्यापीठांच्या पदवीपरीक्षांतील गुण एकाच मापाने मोजता येत नाहीत, ही अडचण कायम होती.

मेहरोत्रा समितीच्या 1986 मधील अहवालाने या अडचणीकडे लक्ष वेधले. सुधारित वेतनश्रेणीबरोबरच अध्यापकपदासाठी राष्ट्रीय स्तरावरील पात्रता परीक्षा असावी, हा विचार याच काळात पुढे आला. त्याच वर्षी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर झाले. केंद्र सरकारने 22 जुलै 1988 च्या अधिसूचनेने ही परीक्षा घेण्याचे काम आयोगाकडे सोपविले आणि डिसेंबर 1989 मध्ये पहिली नेट परीक्षा झाली. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसाठीची परीक्षा त्याआधी 1984 पासून सुरू होती. पुढे 19 सप्टेंबर 1991 च्या विनियमांनी पात्रता परीक्षा अध्यापकपदासाठी बंधनकारक केली. हे विनियम वैध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली विद्यापीठ विरुद्ध राज सिंग या खटल्यात 1994 मध्ये मान्य केले.

19 सप्टेंबर 1991 या तारखेचे महत्त्व आजही संपलेले नाही. त्यापूर्वी पदव्युत्तर पदवी घेतलेल्या पीएच.डी. धारकांना गुणांत 55 टक्क्यांऐवजी 50 टक्क्यांची सवलत देणारी तरतूद 2018 च्या विनियमांतही आढळते.

महाराष्ट्रातील बिगर नेट-सेट अध्यापकांचा प्रश्न :

नियम झाला, तरी त्या नियमात बसणारे उमेदवार पुरेशा संख्येने लगेच उपलब्ध होत नाहीत. 1990 च्या दशकात नेटचा निकाल अत्यल्प लागत असे आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या ग्रामीण भागातील उमेदवारांना ती परीक्षा विशेष कठीण वाटे. पुणे विद्यापीठामार्फत महाराष्ट्र व गोवा या राज्यांसाठी घेतल्या जाऊ लागलेल्या सेट परीक्षेमुळे मराठीतून पात्रता सिद्ध करण्याचा मार्ग खुला झाला. तथापि दरम्यानच्या काळात महाविद्यालयांना वर्ग चालवावयाचे होते. परिणामी रिक्त पदांवर नेट-सेट नसलेल्या उमेदवारांच्या नियुक्त्या झाल्या.

23 ऑक्टोबर 1992 ते 3 एप्रिल 2000 या काळात नियुक्त झालेले हे अध्यापक पुढे 'बिगर नेट-सेटधारक' या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यांनी पूर्ण कार्यभार सांभाळला, परीक्षांची कामे केली, विद्यार्थी घडविले. परंतु वरिष्ठ वेतनश्रेणी, सेवाज्येष्ठता आणि निवृत्तिवेतन यांचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. फेब्रुवारी ते मे 2013 या काळात प्राध्यापक संघटनांनी परीक्षाविषयक कामावर जो बहिष्कार टाकला, त्यामागे हा एक प्रमुख प्रश्न होता. 27 जून 2013 च्या शासन निर्णयाने या सेवा नियमित करण्यात आल्या. मात्र त्या निर्णयाच्या दिनांकापासून. त्यामुळे आधीच्या सेवेचे काय, हा वाद न्यायालयांत सुरूच राहिला.

या प्रकरणातून नवोदित उमेदवाराने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. नियुक्ती मिळणे आणि ती नियमानुसार टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. संस्थेची गरज उमेदवाराला पदावर बसवू शकते. परंतु पात्रतेतील उणीव भरून काढण्याची किंमत पुढे उमेदवारालाच मोजावी लागते.

एम.फिल. पदवीचे चढउतार (2000 ते 2022) :

नियमांच्या अस्थिरतेचे सर्वांत बोलके उदाहरण एम.फिल. पदवीचे आहे. 2000 च्या विनियमांत 31 डिसेंबर 1993 पर्यंत एम.फिल. पूर्ण केलेल्या किंवा पीएच.डी. चा प्रबंध सादर केलेल्या उमेदवारांना नेटमधून सूट होती. 2002 च्या दुरुस्तीने पीएच.डी. साठीची मुदत 31 डिसेंबर 2002 पर्यंत वाढली, एम.फिल. ची मुदत मात्र होती तेथेच राहिली. त्यानंतर डॉ. भालचंद्र मुणगेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अंतरिम अहवालाच्या पार्श्वभूमीवर जून 2006 मध्ये नवी दुरुस्ती झाली. एम.फिल. धारकांना पदवी स्तरावर आणि पीएच.डी. धारकांना पदवी व पदव्युत्तर अशा दोन्ही स्तरांवर अध्यापनासाठी नेटची अट राहिली नाही. साहजिकच एम.फिल. अभ्यासक्रमाकडे उमेदवारांचा ओढा वाढला.

ही सवलत जेमतेम तीन वर्षे टिकली. याच समितीच्या अंतिम अहवालात नेटची अनिवार्यता कायम ठेवण्याची शिफारस होती. जुलै 2009 च्या विनियमांनी एम.फिल. ची सूट काढून घेतली आणि 2009 च्या पीएच.डी. विनियमांनुसार पदवी मिळविलेल्यांनाच नेटमधून वगळले. 2006 नंतर प्रवेश घेऊन 2009 च्या सुमारास एम.फिल. पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पदवी आली, तेव्हा ज्या कारणासाठी त्याने ती घेतली ते कारणच उरले नव्हते.

या बदलाविरुद्ध अनेक उमेदवार न्यायालयात गेले. पी. सुशीला विरुद्ध विद्यापीठ अनुदान आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 16 मार्च 2015 रोजी 2009 चे विनियम वैध ठरविले. पूर्वीच्या नियमानुसार पात्र असणे म्हणजे नियुक्तीचा निहित अधिकार प्राप्त होणे नव्हे, असा या निर्णयाचा आशय होता. 2016 मध्ये आयोगाने 11 जुलै 2009 पूर्वी पीएच.डी. साठी नोंदणी केलेल्यांना काही अटींवर सवलत दिली, एम.फिल. धारकांना तसा दिलासा मिळाला नाही. अखेरीस राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ला अनुसरून नोव्हेंबर 2022 च्या विनियमांनी ही पदवीच बंद केली. आधी प्राप्त झालेल्या पदव्यांची वैधता मात्र अबाधित राहिली.

गुणांकनाचे युग (2010 ते 2023) :

सहाव्या वेतन आयोगानंतर अधिव्याख्याता या पदाचे नाव सहायक प्राध्यापक असे झाले आणि 2010 च्या विनियमांनी शैक्षणिक कामगिरी निर्देशांकाची पद्धत आणली. चर्चासत्रातील निबंधवाचन आणि शोधनिबंध यांची संख्या मोजली जाऊ लागली. 2018 च्या विनियमांनी थेट भरतीसाठी वेगळे कोष्टक दिले. महाविद्यालयीन सहायक प्राध्यापकपदासाठी एकूण 100 गुणांची विभागणी पुढीलप्रमाणे होती : पदवीसाठी कमाल 21, पदव्युत्तर पदवीसाठी 25, पीएच.डी. साठी 25, अधिछात्रवृत्तीसह नेटसाठी 10 (केवळ नेटसाठी 8, सेटसाठी 5), शोधनिबंधांसाठी 6, अध्यापन अनुभवासाठी 10 आणि पुरस्कारांसाठी 3. हे गुण केवळ मुलाखतीस बोलाविण्यापुरते होते. अंतिम निवड मुलाखतीतील कामगिरीवर ठेवण्यात आली होती. महाराष्ट्र शासनाने हे विनियम 8 मार्च 2019 च्या शासन निर्णयाने स्वीकारले.

या कोष्टकाचे बारकाईने वाचन केल्यास पूर्वतयारीचा अग्रक्रम लक्षात येतो. प्रत्येक शोधनिबंधास 2 गुण व कमाल मर्यादा 6 असल्याने तीन दर्जेदार निबंधांनंतर चौथ्याने यादीतील स्थान बदलत नाही. अध्यापन अनुभवाचेही प्रतिवर्षी 2 याप्रमाणे पाच वर्षांतच कमाल गुण होतात. याउलट पदवी व पदव्युत्तर परीक्षांतील गुणांचा वाटा एकत्रितपणे 46 आहे आणि तो विद्यार्थिदशेतच निश्चित होतो. असे असूनही अनेक उमेदवारांनी पैसे भरून संशयास्पद नियतकालिकांत निबंध छापण्यात शक्ती घालविली. मे 2018 मध्ये आयोगाने आपल्या मान्यताप्राप्त यादीतून 4,305 नियतकालिके वगळली. त्यानंतर आलेली 'केअर' यादीही फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाली. यादीत असणे हाच ज्या निबंधाचा एकमेव गुण होता, त्याचे मोल यादीबरोबरच संपले.

विद्यापीठीय विभागांतील सहायक प्राध्यापकपदासाठी 1 जुलै 2021 पासून पीएच.डी. अनिवार्य करण्याची 2018 ची तरतूदही अशीच आधी पुढे ढकलली गेली आणि 30 जून 2023 च्या अधिसूचनेने मागे घेतली गेली. नेट, सेट किंवा स्लेट हीच पुन्हा किमान पात्रता ठरली.

निष्कर्ष :

1. 1991 पासून सवलती अनेकदा दिल्या व काढून घेतल्या गेल्या. परंतु पदव्युत्तर पदवीत 55 टक्के गुण आणि नेट-सेट उत्तीर्णता ही जोड प्रत्येक बदलानंतर टिकून राहिली. म्हणून पूर्वतयारीचा पाया याच जोडीवर असावा. सवलतीवर आधारलेली तयारी ही दुय्यम तयारी समजावी.

2. एम.फिल. धारकांच्या अनुभवावरून दिसते की, नियम बदलाच्या काळात उमेदवाराची पात्रता एखाद्या तारखेवर अवलंबून राहते. नोंदणी, प्रबंध सादरीकरण, मौखिक परीक्षा व पदवी अधिसूचना यांचे दिनांक दर्शविणारी कागदपत्रे आरंभापासून जपून ठेवणे हा तयारीचाच भाग होय. तासिका तत्त्वावरील कामाचा नियुक्ती आदेश, विद्यापीठाची मान्यता आणि अनुभव प्रमाणपत्र यांनाही हेच लागू पडते.

3. सेट प्रमाणपत्राची भौगोलिक मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. 1 जून 2002 पूर्वीची राज्यस्तरीय पात्रता देशभर ग्राह्य धरली गेली. त्यानंतरची संबंधित राज्यापुरतीच. राज्याबाहेर अर्ज करू इच्छिणाऱ्याने सेटवर न थांबता नेटचे प्रयत्न सुरू ठेवावेत.

4. नियुक्ती स्वीकारण्यापूर्वी पद मंजूर आहे काय, उच्च शिक्षण सहसंचालकांचे ना हरकत प्रमाणपत्र आहे काय, बिंदुनामावली तपासलेली आहे काय आणि निवड समिती विद्यापीठाच्या प्रतिनिधीसह रीतसर गठित झाली आहे काय, याची खातरजमा उमेदवाराने करावी. बिगर नेट-सेट अध्यापकांचा इतिहास हीच सावधगिरी शिकवितो.

5. गुणांकनातून केवळ मुलाखतीचे दार उघडते. वर्गात विषय मांडण्याचा सराव, विद्यापीठाच्या चालू अभ्यासक्रमाची माहिती आणि आपल्या संशोधनाविषयी थोडक्यात व नेमके बोलता येणे यांना पर्याय नाही.

6. ही जबाबदारी एकट्या उमेदवारावर टाकून चालणार नाही. पदव्युत्तर विभागांनी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी चालू विनियमांचे वाचन आयोजित करावे. सल्ला देणाऱ्या प्राध्यापकाने आपल्या नियुक्तीच्या वेळचा नियम न सांगता त्या दिवशी अमलात असलेला विनियम विद्यार्थ्यासमोर ठेवावा. 2006 ते 2009 या तीन वर्षांत एम.फिल. कडे वळलेल्या विद्यार्थ्यांना ही सवलत नवी असून ती मागे घेतली जाऊ शकते, एवढे जरी कोणी सांगितले असते, तरी त्यांपैकी अनेकांनी एम.फिल. बरोबरच नेट-सेटची तयारीही चालू ठेवली असती. नव्या पिढीला तेवढे सांगणे हे आजच्या अध्यापकवर्गाचे कर्तव्य ठरते.