सेरेब्रल पाल्सी : बाळातील लक्षणे वेळीच ओळखा

"चालेल उशिरा, याचा बापही उशिराच चालला होता." हे वाक्य आपण वस्तीत नेहमी ऐकतो. बहुतेक बाळांच्या बाबतीत ते खरेही ठरते. पण काही बाळांची उपचाराची मोलाची वर्षे याच वाक्यामुळे वाया जातात. म्हणून ही माहिती आम्ही देत आहोत.

गर्भात, जन्मावेळी किंवा जन्मानंतर सुरुवातीच्या काळात वाढत्या मेंदूला इजा झाली तर हालचाल आणि तोल यांवर कायमचा परिणाम होतो. यालाच सेरेब्रल पाल्सी म्हणतात. ती संसर्गजन्य नाही. ते मागच्या जन्मीचे पाप नाही आणि आईचा दोषही नाही. अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे, जन्मतः न रडलेले, तीव्र कावीळ किंवा मेंदूज्वर झालेले बाळ असेल तर अधिक लक्ष द्यावे.

पुढील लक्षणे दिसल्यास बाळाला डॉक्टरांना दाखवा :

• ४ महिन्यांनंतरही मान न धरणे, मुठी सतत आवळलेल्या असणे
• ९ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय न बसणे
• १८ महिन्यांपर्यंत न चालणे
• अंग फार ताठ किंवा फार सैल असणे. उचलल्यावर पायांची कात्रीसारखी अढी पडणे
• दूध ओढता न येणे, गिळताना वारंवार ठसका लागणे
• वर्षाच्या आत एकच हात वापरणे. "डावरा आहे" म्हणून कौतुक करू नका. दुसरा हात कमजोर असू शकतो.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे. एखादे लक्षण दिसले म्हणजे सेरेब्रल पाल्सी झालीच असे नाही, पण तपासणी टाळू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी करते आणि गरज असल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवते. ही सेवा १८ वर्षांपर्यंत मोफत आहे. मेंदूची इजा औषधाने भरून येत नाही. मात्र फिजिओथेरपी आणि वाचा उपचार लवकर सुरू झाले तर मूल पुष्कळ शिकते. पक्के निदान होईपर्यंत थांबू नये. बोलणे अस्पष्ट असले तरी अनेक मुलांची बुद्धी चांगली असते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे. त्यामुळे प्रमाणपत्र आणि शाळाप्रवेश हे या मुलांचे हक्क आहेत. कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील अशा एका तरी कुटुंबासोबत तपासणीला जावे. पहिल्या खेपेला सोबत कुणी असले की पालक पुढच्या खेपा चुकवत नाहीत.