मंदी, मस्टर आणि जात : खानदेशातील कामगारकपातीचा कायदा

मंदी आली की मालक पहिला हिशेब माणसांचा करतो. कापूस महागला, कापड गोदामात पडून राहिले, बँकेने हात आखडता घेतला, तर यंत्र विकता येत नाही. माणूस मात्र दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर ठेवता येतो. त्या फाटकावर भारतातील कायद्याने काही अटी घातल्या. त्या अटी कशा आल्या आणि त्यांचा लाभ कोणापर्यंत पोहोचला, हा इतिहास जळगाव-धुळ्याच्या दलित कार्यकर्त्याने जाणून घेतला पाहिजे. तो त्याच्या बापजाद्यांच्या मजुरीचा इतिहास आहे.

खानदेशात कारखानदारी आली ती कापसाच्या मागून. रेल्वे आली, जिन आणि प्रेस उभे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जळगावला खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली. पुढे अमळनेरला प्रताप मिल, धुळ्याला न्यू प्रताप मिल, चाळीसगावला लक्ष्मीनारायण मिल उभी राहिली. गावकीच्या बलुत्यातून सुटलेला माणूस या भोंग्याच्या आवाजाकडे आशेने पाहत होता. गिरणीत जात विचारणार नाहीत, अशी ती आशा होती.

गिरणीनेही जात विचारली. मुंबईच्या गिरण्यांत साचेखाते अस्पृश्यांना बंद होते. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे आणि तेथे विटाळ आडवा येई. साचेखात्यात मजुरी अधिक. म्हणून सवर्ण कामगारांना हा विटाळ सोयीचाही होता. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. फेब्रुवारी १९३८ मध्ये खानदेशच्या वेशीवर, मनमाडला, जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. गँगमन म्हणून आयुष्य काढणाऱ्या अस्पृश्याला हमालाची जागाही का मिळत नाही, याचा उलगडा त्यांनी तेथे केला : हमालाला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि अस्पृश्य त्या घरात चालत नाही.

ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवून कपातीचा कायदा वाचला पाहिजे.

१९५३ साली कापडाचे साठे तुंबले आणि गिरण्यांनी कामगारांना बसवून ठेवण्यास सुरुवात केली. व्ही. व्ही. गिरी तेव्हा केंद्रात कामगारमंत्री होते. २४ ऑक्टोबर १९५३ रोजी वटहुकूम निघाला आणि औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये नवे प्रकरण आले. त्यातील तत्त्व साधे होते. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला तात्पुरते बसवले, म्हणजे ‘ले-ऑफ’ दिला, तर मूळ पगार व महागाईभत्त्याच्या निम्मी भरपाई. कायमची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. शेवटी आलेला प्रथम जाईल. पुन्हा भरती करताना काढलेल्यांना अगोदर बोलवावे लागेल.

मालकांनी यातून वाट शोधली. बार्शी लाइट रेल्वेच्या प्रकरणात नोव्हेंबर १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, कपात म्हणजे चालू धंद्यातील जादा माणसे कमी करणे. धंदाच बंद झाला तर ती कपात नव्हे. म्हणजे शंभर माणसे काढली तर भरपाई, सगळी काढली तर काही नाही! संसदेने १९५७ मध्ये ही फट बुजवली. त्यात एक मोलाचे वाक्य होते : केवळ आर्थिक अडचण, तोटा किंवा न खपलेला माल ही ‘टाळता न येणारी परिस्थिती’ मानली जाणार नाही. मंदीचे कारण दाखवून भरपाई तीन महिन्यांच्या पगारावर आणण्याचा मार्ग त्याने बंद केला.

जळगावने या इतिहासात आपली भर घातली आहे. खानदेश मिल विरुद्ध जळगावचा राष्ट्रीय गिरणी कामगार संघ हा बोनसचा खटला १९६० साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. राखीव निधी खेळते भांडवल म्हणून वापरला, असे मालक म्हणत असेल तर त्याने ते स्पष्ट पुराव्याने सिद्ध करावे आणि कामगारांना ते तपासण्याची खरी संधी मिळावी, असे न्यायालयाने म्हटले. खटला बोनसचा असला तरी शिकवण व्यापक आहे. मालकाचा ताळेबंद म्हणजे वेदवाक्य नव्हे. ‘परवडत नाही’ म्हणणाऱ्याला हिशेब मागता येतो.

पण कायद्याचे दार कोणासाठी उघडले? ले-ऑफची भरपाई बदली कामगाराला नाही. वर्षाची सलग नोकरी भरली तरच तो हक्कदार. ती भरली की नाही हे मस्टर सांगते आणि मस्टर मालकाच्या ताब्यात. मुकादम चार दिवस हजेरी तोडू शकतो. ‘शेवटी आला तो प्रथम जाईल’ हा नियम एकेका वर्गवारीपुरता चालतो. आणि कोण कोणत्या खात्यात, केव्हा शिरला, हे जातीने आधीच ठरवलेले. ज्याला दार उशिरा उघडले तो यादीत खालीच राहणार. कायदा जात विचारत नाही, परंतु जातीने लिहिलेली यादी तो प्रमाण मानतो. हंगामी कारखाने तर ले-ऑफच्या तरतुदीबाहेरच राहिले. खानदेशातील जिन-प्रेस हंगामीच. कापूस संपला की तेथे राबणाऱ्या भूमिहीन बाया-माणसांना निम्मा पगार देण्याचे बंधन कोणावर नव्हते.

१९७६ मध्ये, आणीबाणीत, तीनशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला कपातीपूर्वी सरकारची परवानगी सक्तीची झाली. १९८४ पासून ही मर्यादा शंभरावर आली. तरी गिरण्या बंद पडल्याच. जळगावच्या गिरणीच्या जागेवर आता खान्देश सेंट्रल उभे आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि परवानगीची मर्यादा पुन्हा तीनशेवर गेली. पन्नास वर्षांत कायदा वळसा घालून मूळ जागी आला. दोनशे नव्व्याण्णव कामगारांच्या मालकाला आता सरकारकडे जावे लागत नाही.

म्हणून नोटीस, भरपाई आणि ज्येष्ठतेचा क्रम यांचे मोल आज वाढले आहे. मुंबई राज्याच्या १९५७ च्या नियमांनी कपातीपूर्वी सात दिवस ज्येष्ठतायादी फलकावर लावणे बंधनकारक केले होते. त्या सात दिवसांत किती जणांनी ती यादी वाचली, किती जणांना ती वाचता आली? बाबासाहेबांनी ‘शिका’ म्हटले त्यात मस्टर वाचणेही येते. हजेरीची पावती जपणे, ज्येष्ठतायादीची नक्कल मागणे, दोनशे चाळीस दिवस मोजणे, ही कामे मोर्चाइतकीच लढ्याची आहेत. भरपाई मागायला जो उभा राहतो, त्याच्याजवळ आपण काम केले याचा कागद असला पाहिजे. आपल्या माणसांचे श्रम शतकानुशतके कोणत्याही वहीत लिहिले गेले नाहीत. निदान या वहीतून आपले नाव गळू देता कामा नये.