कोल्हापूरची मुले रंग आणि लय कशी शिकली

चित्रातला रंग आणि गाण्यातली लय मुलांना कधी शिकवायची, या प्रश्नाला कोल्हापुरात दोन वेगळी उत्तरे मिळत गेली. लय कोणी मुद्दाम शिकवायच्या आधीच मुलाच्या कानावर पडलेली असे. रंगाचे शालेय शिक्षण मात्र बराच काळ मागे राहिले: आधी रेषा, मग छाया-प्रकाश आणि सरतेशेवटी रंग, असा क्रम ठरलेला होता. या दोन वाटा कुठे एकत्र आल्या आणि परीक्षांनी त्यांचे काय केले, हे पाहायला कळंबा ही सोयीची जागा आहे. शहराच्या दक्षिणेला, गारगोटी रस्त्यावरचे हे गाव संस्थानकाळातल्या तलावासाठी ओळखले जाते. कात्यायनीच्या डोंगराकडून येणारे पाणी तिथे साठे आणि शहराला पुरवले जाई. आता शहरच गावाला येऊन भिडले आहे. त्यामुळे इथल्या मुलाच्या वाट्याला गावचे भजन येते आणि शहरातला क्लासही.

लयीचे पहिले शिक्षण गावात टाळापासून होते. भजनाला बसणाऱ्या पोराच्या हातात पखवाज कोणी देत नाही. आधी टाळ मिळतात. टाळ एकटे वाजवायचे वाद्य नव्हे. दोन्ही बाजूंच्या माणसांशी हात जुळवावा लागतो, आणि अभंग शेवटाकडे आला की पखवाजवाला लय वाढवतो तेव्हा सगळ्या रांगेबरोबर वाढवावा लागतो. पुढे पळणारा टाळ लगेच ऐकू येतो आणि शेजारचा म्हातारा डोळे वटारतो. आषाढी एकादशीला कोल्हापुरातून नंदवाळला दिंडी जाते, वाटेत पुईखडीला रिंगण होते. तिथे लय हातांबरोबर पायांतही उतरते.

दुसरी शाळा कुस्तीच्या मैदानातली. हलगी, घुमके आणि कैताळ यांचा ठेका जोड लागताना संथ असतो, पकड घट्ट होईल तसा तो चढतो आणि डाव पडायच्या बेताला कडाडतो. लयीचा वेग आणि प्रसंगाचा ताण यांचे नाते इतक्या थेटपणे क्वचितच कुठल्या वर्गात समजावता येईल. शाळेने गावच्या अशा खेळांतले लेझीम तेवढे उचलले. चार आवाज, एक जागा, आगे फलांग, पीछे फलांग असे प्रकार आकड्यांवर शिकवले जातात. शिक्षक आधी तोंडाने मोजतो, मग मोजणी बंद होते आणि ढोल किंवा हलगी उरते. वेळापत्रकात हे शारीरिक शिक्षणाखाली येते, संगीताखाली नाही. सर्वांत जास्त मुलांपर्यंत पोचलेले लयशिक्षण असे संगीताच्या नावाने कधी नोंदलेच गेले नाही.

रंगाचीही एक घरगुती शाळा होती, पण ती कुंभारवाड्यापुरती. शाहूपुरी, गंगावेश, पापाची तिकटी, बापट कँप या भागांत गणेशमूर्ती घडवणाऱ्या घरांतली मुले उन्हाळ्यानंतर कामाला लागतात. त्यांना क्रम शिकावा लागतो: आधी पांढरा हात, मग अंगाचा रंग, त्यानंतर पीतांबर आणि शेला, पुढे दागिन्यांचे सोनेरी काम. डोळ्यांची आखणी शेवटी, तीही घरातल्या जाणत्या हाताकडून. अंगाच्या रंगात तांबडा किती आणि पिवळा किती, याचे माप लिहिलेले नसते. मूल वडिलांच्या भांड्यातला रंग पाहून आपल्या भांड्यातला जुळवते, आणि ओला रंग वाळल्यावर उतरतो हे दोन-चार मूर्ती बिघडवून शिकते.

शालेय चित्रकलेचे मूळ यापासून फार दूर होते. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झाले आणि तिथली शिस्त लंडनच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीवर बेतलेली होती. तीत बाह्यरेषेच्या नकला, भूमिती, मग छटा आणि त्यानंतर रंग अशी चढण होती. विलायती सरकारला कारागीर आणि आराखडे काढणारे हात हवे होते. त्या कामी अचूक रेषा उपयोगी, रंगाची आवड नाही. पुढे हीच शिस्त ड्रॉइंग मास्तरांबरोबर मुंबई इलाख्यातल्या शाळांत पसरली. मुक्तहस्तचित्र नावाच्या विषयात मूल एका उभ्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी वळणे काढत बसे. रंगाची पेटी विलायती आणि महाग होती, त्यामुळे गरज आणि तत्त्व यांची इथे सोयीस्कर गाठ पडली.

कोल्हापूरच्या मुलांनी या शाळेत नाव काढले. अबालाल रहिमान १८८० च्या दशकात जे. जे.मध्ये शिकले, घरात कुराणाच्या हस्तलिखित प्रती करण्याची परंपरा होती. परत आल्यावर त्यांनी रंकाळा, पंचगंगा आणि कोटीतीर्थ इथे बसून जी निसर्गचित्रे केली, त्यांत रंगच बोलतो, बाह्यरेषा मागे सरते. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार नेमले. १८६७ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले म. वि. धुरंधर १८९० मध्ये जे. जे.मध्ये दाखल झाले आणि पुढे त्याच शाळेत शिकवून तिच्या प्रमुखपदापर्यंत पोचले. पण अबालाल यांची वाट अभ्यासक्रमात आली नाही. ती पाण्याकाठी त्यांच्याजवळ जाऊन बसणाऱ्यांपुरती राहिली.

संगीतातली संस्था चित्रकलेच्या मानाने घरचीच होती. गायन समाज देवल क्लब १८८३ मध्ये कोल्हापुरात स्थापन झाला. १८९५ च्या सुमारास अल्लादियाँ खाँ शाहू महाराजांच्या आश्रयाला आले आणि १९२२ मध्ये महाराज निवर्तेपर्यंत त्यांचे ठाणे इथे होते. त्याच काळात केसरबाई केरकर आठ-नऊ वर्षांच्या असताना गोव्याहून कोल्हापुरात आल्या आणि काही महिने अब्दुल करीम खाँ यांच्याकडे शिकल्या. लयीच्या दृष्टीने हे दोन गुरू दोन टोके होत: अब्दुल करीम खाँ किराणा घराण्याचे, अल्लादियाँ खाँ जयपूर घराण्याचे. किराणा घराण्यात पुढे विलंबित, म्हणजे संथ लयीतले गायन, इतके संथ झाले की दोन मात्रांमध्ये स्वर रेंगाळायला भरपूर जागा मिळू लागली. जयपूर घराण्याचे विलंबित मध्यलयीकडे झुकलेले, आणि आलापाचा प्रत्येक तुकडा मात्रांच्या जाळ्यात बांधलेला. या घराण्यात शिकणाऱ्या मुलाला समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन भागत नाही. आवर्तनात आत्ता कुठे आहोत हे त्याला सतत ठाऊक असावे लागते.

अल्लादियाँ खाँ यांचे पुत्र भुर्जी खाँ कोल्हापुरातच राहिले. १९२७ मध्ये जन्मलेल्या गायिका धोंडूताई कुलकर्णी लहानपणी नत्थन खाँ यांच्याकडे आणि नंतर १९४० ते १९५० या काळात भुर्जी खाँ यांच्याकडे शिकल्या. या तालमीत वही दुय्यम होती. गुरू चीज, म्हणजे बंदिश, सांगतो, शिष्य म्हणतो, हात मांडीवर टाळी-खाली धरतो. तीनतालाच्या सोळा मात्रांत पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली. हे एकदा हातात बसले की तोंड स्वरांसाठी मोकळे होते. चित्रकलेत जसा रंग मागे ठेवता आला तशी लय मागे ठेवणे इथे शक्यच नव्हते, कारण तिच्यावाचून चीज उभीच राहत नाही.

वहीचा आग्रह धरणारा माणूसही याच मुलखातला. विष्णु दिगंबर पलुसकर १८७२ मध्ये कुरुंदवाडला जन्मले, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. मुलांसाठी त्यांनी संगीत बालबोध, संगीत बालप्रकाश अशी छोटी पुस्तके तयार केली. त्यांच्या स्वरलिपीत प्रत्येक स्वराखाली कालमानाची खूण असते: एक मात्रा, अर्धी, पाव. समेला १ आणि खालीला + असे चिन्ह. भातखंडे पद्धतीत समेला × आणि खालीला शून्य असल्याने दोन्ही शिकणाऱ्या मुलांचा गोंधळ आजही ठरलेला. तरी पाव मात्रा डोळ्यांना दाखवता येते, ही कल्पना शंभर मुलांच्या वर्गासाठी मोठीच सोय होती. पलुसकर १९३१ मध्ये वारले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे केले.

रंग आणि लय खऱ्या अर्थाने एका छपराखाली आले ते नाटक कंपनीत. कोल्हापूरचे केशवराव भोसले लहान वयातच स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गेले, ‘शारदा’ नाटकातल्या शारदेच्या भूमिकेत गाजले आणि १९०८ मध्ये त्यांनी ललितकलादर्श ही स्वतःची नाटक कंपनी काढली. कंपनीतल्या पोराला पद लयीत म्हणायला शिकावेच लागे. साथ करणारा त्याच्यासाठी थांबत नसे. मागचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्याने भाऊ. कुठल्याही कलाशाळेत न शिकलेले. दामले आणि फत्तेलाल यांच्यासारखे तरुण या कामातच तयार झाले. पडद्याचा रंग दिव्याच्या उजेडात पाहायचा असतो, त्यामुळे दिवसा बरा वाटणारा रंग रात्री फसतो, हा धडा तिथे रोजचाच.

बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली, तेव्हा रंगज्ञानाला वेगळेच वळण मिळाले. त्या काळच्या फिल्मवर तांबडा काळपट उमटे आणि निळा फिकट. देखावा रंगवणाऱ्या पोराला प्रत्येक रंगाची करड्या छटांतली किंमत ओळखावी लागे. कंपनीतून बाहेर पडलेल्यांनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ला गोविंदराव टेंब्यांचे संगीत होते, आणि १९३३ मध्ये ‘सैरंध्री’ पुन्हा, या वेळी रंगीत, करण्याचा प्रयोग झाला. प्रती जर्मनीत तयार झाल्या. रंग मनासारखे उतरले नाहीत.

स्वातंत्र्यानंतर या उमेदवारीची जागा परीक्षांनी घेतली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा आज राज्याच्या कला संचालनालयामार्फत होतात. वस्तुचित्रात समोर कळशी, एखादा खोका, वांगी-टोमॅटोसारखी भाजी मांडलेली असते. जलरंगात काम फिकटाकडून गडदाकडे न्यायचे आणि कळशीवरची चमक म्हणून कागद कोरा सोडायचा, हे मुलाला पक्के शिकवले जाते. संकल्पचित्राला पोस्टर रंग, त्यात उष्ण आणि शीत रंगसंगती. हे शिक्षण वाईट नाही. पण तयारी करून घेणारे क्लास दोन-तीन हमखास रंगसंगती पाठ करून घेतात, आणि केंद्रावर नारिंगी-निळ्या नक्षीची रांगच्या रांग दिसते. रंगपेटीचा प्रश्न मात्र सुटला: १९३१ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या दांडेकरांच्या कॅम्लिनने पुढे चित्रकलेचे साहित्य काढले आणि देशी रंग तालुक्याच्या दुकानापर्यंत पोचले. शाळांना एटीडी, म्हणजे कलाशिक्षक पदविका, झालेले शिक्षक पुरवण्यात कोल्हापूरच्या कलानिकेतन आणि दळवीज आर्ट इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांचा वाटा आहे.

संगीतात प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा, विशारद ही गांधर्व महाविद्यालय मंडळाची शिडी. सुरुवातीच्या पायऱ्यांवर तालाचा ठेका हातावर बरोबरीने आणि दुगुनीत म्हणून दाखवायचा असतो. दुगुन म्हणजे बोल दुप्पट वेगाने, हात मात्र त्याच चालीने. नवख्या मुलाचा हात बोलांबरोबर पळतोच, आणि चांगला शिक्षक तिथेच आठवडाभर थांबतो.

परीक्षेला नकार देणारा प्रयत्नही कोल्हापुरात झाला. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयात चित्र, गाणे आणि हाताचे काम इतर विषयांच्या आत विणले गेले. बालभारतीने नंतर प्राथमिक वर्गांसाठी ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तक काढले, त्यात कला, कार्यानुभव आणि खेळ एकत्र आहेत. जुना क्रम अशा रीतीने उलटला: मुलाच्या हातात आज रेषेआधी रंगीत खडू येतो. लयीचे मात्र काहीसे उलटे झाले. कळंब्याच्या नव्या वसाहतींतली जी मुले भजनाला बसत नाहीत, त्यांची लयीशी पहिली भेट क्लासातल्या इलेक्ट्रॉनिक तबल्याशी होते. तो चुकत नाही आणि वाट पाहत नाही. पण गाणाऱ्याचा कल पाहून लय किंचित सैल सोडणेही त्याला जमत नाही. म्हणून जाणते शिक्षक घरच्या सरावाला यंत्र चालू देतात आणि परीक्षेआधीचे काही आठवडे तबलजीला बोलावतात. दहावीच्या निकालात चित्रकलेची ग्रेड, शास्त्रीय संगीत आणि लोककला यांना वाढीव गुण मिळू लागल्यापासून अशा क्लासांची गर्दी वाढली आहे, आणि त्यातली बरीच दहावीबरोबर ओसरते.