झाडाला पंप नसतो

उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की काठावरची मोटर पाणी सोडते आणि मग ती दोर लावून खाली, पाण्याजवळ उतरवावी लागते. शेतकऱ्याच्या घरातल्या कुणालाही हे ठाऊक असतं. मोटर कितीही एचपीची घ्या, वर बसून ती दहा मीटरपलीकडचं पाणी ओढू शकत नाही. प्रत्यक्षात त्याहून कमीच. कारण खरं तर ती पाणी ओढतच नाही. ती पाइपातली हवा काढते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. या दाबाची ताकद दहा मीटरला संपते. टॉरिचेलीने 1640च्या दशकात पाऱ्याची नळी उलटी करून हे दाखवलं.

आता परसातला माड बघा. वीस मीटरवर शहाळी लटकलेली, आत गोड पाणी. कॅलिफोर्नियातल्या हायपेरियन नावाच्या रेडवूडची उंची तर 115 मीटरच्या वर आहे. मोटर नाही, वायर नाही, आवाज नाही. मग पाणी वर चढतं कसं?

या प्रश्नाचा पहिला नीट हिशेब मांडला एका पाद्र्याने. लंडनजवळच्या टेडिंग्टनचा स्टीफन हेल्स. त्याने साडेतीन फुटांचं सूर्यफूल कुंडीत लावलं, माती शिशाच्या पत्र्याने झाकली म्हणजे तिथून वाफ जायला नको, आणि पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ कुंडीचं वजन केलं. दिवसाच्या बारा तासांत ते झाड सरासरी वीस औंस, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त पाणी हवेत सोडत होतं. (डेटा गोळा करायचा तर असा. आम्ही ऑफिसात डॅशबोर्ड बनवतो, पण कुंडी झाकायचं विसरतो.)

त्याचा दुसरा प्रयोग अपघाताने सुचला. चुकीच्या वेळी छाटलेल्या द्राक्षवेलीतून पाणी गळत होतं. ते थांबावं म्हणून हेल्सने वर प्राण्याच्या मूत्राशयाचा तुकडा घट्ट बांधला, तर तो फुगायला लागला. मग त्याने तिथे काचेच्या नळ्या जोडल्या. रस वीस फुटांहून वर चढला. 1727च्या पुस्तकात हे सगळं आहे. पण यातून उत्तर मिळालं असं नाही. मुळांचा हा दाब वसंतात, पानं फुटायच्या आधी जोरात असतो. ऐन उन्हाळ्यात, झाडाला पाणी सर्वांत जास्त लागतं तेव्हा तो जवळपास नाहीसा होतो. हेल्सचा संशय पानांवर होता, आणि तो बरोबर होता.

पुढची दीडशे वर्षं वाद एकाच गोष्टीचा : पाणी वर नेणारं काही जिवंत आहे का? खोडातल्या जलवाहिन्या मेलेल्या पेशींच्या पोकळ नळ्या असतात, पण त्यांच्या आजूबाजूला जिवंत पेशी असतातच. त्या ढकलत असतील तर?

जर्मनीतल्या बॉनमध्ये एडुआर्ड स्ट्रासबुर्गरने याची तड लावायचं ठरवलं. त्याने सुमारे 22 मीटर उंचीचा ओक बुंध्यापाशी कापून पिक्रिक ॲसिडमध्ये उभा केला. विष वर चढत गेलं आणि वाटेतल्या जिवंत पेशी मारत गेलं. तीन दिवसांनी त्याने त्यात लाल रंग मिसळला. खोड मेलेलं होतं, तरी रंग वर चढला. विष पानांपर्यंत पोचून पानं मेली, तेव्हाच ओढ थांबली. 1891 साली हे छापून आलं. मला हा प्रयोग क्रूर वाटतो आणि सुंदरही.

बॉनमध्ये शिकून आलेल्या हेन्री डिक्सनने आणि त्याचा मित्र जॉन जोलीने डब्लिनमध्ये 1894 साली उत्तर मांडलं. पानातून पाण्याचा रेणू वाफ होऊन जातो, तो मागच्याला ओढतो, तो त्याच्या मागच्याला. पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की बारीक नळीतला पाण्याचा धागा दोरासारखा ताणला जातो, तुटत नाही. म्हणजे झाडातलं पाणी ढकललं जात नाही, खरोखर ओढलं जातं. दहा मीटरची अट हवेने ढकलण्याला आहे, ओढण्याला नाही. आणि ऊर्जेचं बिल सूर्य भरतो.

इथे आपल्याकडचा माणूस येतो. जगदीशचंद्र बोसांनी 1923 साली रस चढण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. खोडात विजेची सुई थोडीथोडी आत सारत त्यांनी मोजमाप केलं आणि सालीच्या आतल्या एका थरात स्पंदनं सापडल्याचं सांगितलं. त्यांच्या मते या जिवंत पेशी हृदयासारख्या आकुंचन पावून रस वर ढकलतात. प्राणी आणि वनस्पती यांच्यात मूलभूत फरक नाही, या त्यांच्या आयुष्यभराच्या म्हणण्यात हे चपखल बसत होतं. पण स्ट्रासबुर्गरच्या मेलेल्या ओकात ते बसत नव्हतं.

बोसांच्या नावाने फिरणाऱ्या फॉरवर्डमध्ये ही गोष्ट नसते. तिथे ‘वनस्पतींना जीव असतो हे त्यांनी सिद्ध केलं’ एवढंच असतं, जे कुणी सिद्ध करायची गरजच नव्हती. त्यांचं खरं काम लाजाळूसारख्या झाडांतून धावणाऱ्या विद्युत संदेशांचं. 1901मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यावरून विरोध झाला होता. पुढे काळ त्यांच्या बाजूने गेला. म्हणून दर विरोधाला गोऱ्यांचा आकस म्हणायची सवय आपल्याला लागली. आकस होता, प्रेसिडेन्सी कॉलेजात पगारापासून होता. पण रस चढण्याच्या बाबतीत बोस चुकले होते, आणि हे सांगितल्याने त्यांची लाजाळू मिटत नाही.

डिक्सनचं म्हणणं तरी कुणी मोजलं होतं? झाडाच्या आतला ताण मोजायचा कसा, हेच कळत नव्हतं. 1965मध्ये पेर श्कोलांडर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फांदी एका दाबपात्रात बंद केली, कापलेलं टोक बाहेर ठेवलं आणि आतला दाब वाढवत नेला. टोकावर पाणी परत दिसलं, तो दाब म्हणजे झाडातला ताण. उंच डग्लस फरच्या शेंड्याकडच्या डहाळ्या हव्या होत्या, तर चक्क नेमबाजाकडून बंदुकीने पाडून घेतल्या. वरच्या डहाळीतला ताण खालच्यापेक्षा जास्त निघाला, उंचीच्या हिशेबाला धरून.

या व्यवस्थेत धोका कायमचा आहे. ताण वाढला की धाग्यात बुडबुडा शिरतो आणि ती नळी बाद होते. नळ्यांमधल्या बारीक पडद्यांमुळे बुडबुडा सहसा शेजारी जात नाही, पाणी वळसा घालून जातं. तरी दुष्काळात एकामागून एक नळ्या जातात आणि झाड उभ्याउभ्या वाळतं.

2004मध्ये जॉर्ज कॉख आणि सहकारी कॅलिफोर्नियातल्या सर्वांत उंच रेडवूडांच्या शेंड्यापर्यंत चढून गेले. मुळाशी ओल असूनही वरची पानं बारीक, जाड, दुष्काळात वाढल्यासारखी होती. त्यांच्या हिशेबाने झाडाची उंची 122 ते 130 मीटरच्या पुढे जाऊ शकत नाही. हायपेरियन दोन वर्षांनी सापडला. तो या आकड्याच्या थोडा अलीकडे उभा आहे.