सावकारी, अवैध (खानदेश)

परवाना नसताना व्याजाने पैसे देण्याचा धंदा. परवानाधारकाने ठरवून दिलेल्या दराच्या वर व्याज घेणे हाही गुन्हाच असल्याने त्याचा विचार याच नोंदीत केला आहे. जळगाव व धुळे जिल्ह्यांत या धंद्याचे हंगाम दोन. एक खरिपाच्या तोंडावर, जेव्हा कापूस उत्पादकाला बी-खताला रोकड लागते. दुसरा दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, पगारदारांचा. ठरल्या तारखेला ज्याच्या खात्यात पैसे पडतात, असे गिऱ्हाईक सावकाराला शेतकऱ्याहूनही सोयीचे. त्याला पावसाची वाट पाहावी लागत नाही.

बाजारात व्याज महिन्यावर बोलले जाते. ‘पाच टक्क्याने’ म्हणजे महिन्याला शेकडा पाच, वर्षाला साठ. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली शासनाने सप्टेंबर २०१४ मध्ये ठरवलेले कमाल दर मात्र वार्षिक आहेत : शेतकऱ्यास तारणी कर्जावर ९ टक्के व विनातारण १२, इतरांस अनुक्रमे १५ व १८. व्याज सरळच हवे, चक्रवाढ चालत नाही. दामदुपटीचा जुना नियमही कायद्यात आहे. व्याजापोटी मुद्दलाहून अधिक रक्कम वसूल करता येत नाही. दहा हजारांवर महिना दहा टक्के देणारा माणूस दहाव्या महिन्यातच ही मर्यादा गाठतो. पुढे तो वर्षानुवर्षे भरतो ते कायद्याच्या हिशेबात व्याज धरता येत नाही. पहिले व्याज कापून नऊ हजारच हातावर ठेवले असतील, तर मुद्दलही नऊ हजारच धरायचे, कारण प्रत्यक्ष दिलेली रक्कम तेच मुद्दल.

१८७५ मध्ये पुणे व अहमदनगर भागांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यानंतरचा १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. खानदेश त्याबाहेर राहिला. मुंबई सावकारी अधिनियम पुढे १९४६ मध्ये आला. २०१४ च्या कायद्याने त्याची जागा घेतली. मधल्या काळात पश्चिम खानदेशातील भिल्लांच्या बऱ्याच जमिनी कर्जापोटी हातच्या गेल्या होत्या. शहादा परिसरात (तेव्हा धुळे जिल्हा, १९९८ पासून नंदुरबार) १९७० च्या दशकाच्या आरंभी अंबरसिंग सुरतवंती व श्रमिक संघटना यांनी या जमिनी परत मिळवण्याची चळवळ उभारली. पुढे अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा झाला. पाठोपाठ १९७५ च्या कर्जमुक्तीने छोटे शेतकरी, कारागीर व मजूर यांची खासगी सावकारांकडील कर्जे रद्द ठरवली. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७७ मध्ये हरले. कर्ज रद्द झाले तरी पुढच्या पेरणीचा खर्च कोठून आणायचा, या प्रश्नाला मात्र कायद्यात उत्तर नव्हते.

आजच्या अवैध सावकाराविरुद्ध सर्वांत मोठी अडचण दराची नाही, कागदाची आहे. व्याजाचा आकडा तो कोठेच लिहीत नाही. शेतकऱ्याकडून तो गहाणखत न घेता थेट खरेदीखत करून घेतो, ‘पैसे फिटले की उलटून देऊ’ या तोंडी शब्दावर. पगारदाराकडून कोरे धनादेश, कोरा मुद्रांक, कधी एटीएम कार्ड आणि पिनसुद्धा. जून २०२२ मध्ये धुळे शहरात एका विमा एजंटाविरुद्ध अवैध सावकारीचा गुन्हा नोंदवला गेला. त्या वेळच्या झडत्यांत कोट्यवधींच्या रोकडीबरोबर कोरे धनादेश व खरेदीखतेही सापडली.

कायद्याने या कागदांची धार बरीच बोथट केली आहे. परवाना नसलेल्या सावकाराच्या बाजूने न्यायालय हुकूमनामा देऊ शकत नाही (कलम १३). कलम १८ त्याहून मोलाचे : अर्जाच्या आधीच्या पंधरा वर्षांत झालेले खरेदीखत प्रत्यक्षात कर्जाचे तारणच होते असे चौकशीत दिसले, तर ते अवैध ठरवून जमिनीचा ताबा कर्जदाराला किंवा त्याच्या वारसाला परत देता येतो. हा अधिकार जिल्हा निबंधकाचा, म्हणजे सहकार खात्यातील जिल्हा उपनिबंधकाचा आहे. तालुक्याला सहायक निबंधकाकडे तक्रार देता येते. परवाना खरा आहे का, हेही तेथेच कळते. विनापरवाना धंद्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कर्जदाराचा पाठलाग करणे, त्याच्या दारात किंवा कामाच्या जागी ठाण मांडणे हाही वेगळा गुन्हा आहे.

चौकशीत टिकते ते किरकोळ दिसणारे साहित्य : बँकेतून किंवा फोनवरून पाठवलेल्या प्रत्येक हप्त्याची नोंद, सावकाराचे संदेश, खरेदीखतातील किंमत व तेव्हाचा बाजारभाव यांतील तफावत, आणि विक्रीनंतरही जमीन आपणच कसत असल्याचा सातबाऱ्यावरील पीकपेरा. हप्ते रोखीने देणाऱ्याचे हात येथे रिकामे राहतात. एटीएम कार्ड सावकाराकडे असेल तर ते आधी बंद करून घ्यावे. कोरा धनादेश भरून वटवायला टाकला व तो परत गेला, तर येणाऱ्या नोटिशीला पंधरा दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर द्यावे. गप्प बसणे हा कर्जदाराविरुद्धचा पुरावा होऊन बसतो.

मोबाइल अॅपवरील झटपट कर्जाला वरील दर लागू होतीलच असे नाही. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले. त्यांच्याविरुद्धची तक्रार आधी कंपनीकडे व नंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाते, सहकार खात्याकडे नाही. अॅपच्या मागे नोंदलेली कंपनीच नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. छायाचित्रे बदलून किंवा नातेवाइकांना फोन लावून धमकावणे सुरू झाले, तर सायबर पोलिसांकडे किंवा १९३० या क्रमांकावर.