पायाचे दान

दोन वर्षांपूर्वी हृदयाची बायपास शस्त्रक्रिया करवून माझे मामा नागपूरहून आमच्याकडे सेमाडोहला विश्रांतीसाठी आले. भेटीला येणारा जो तो छातीची चौकशी करी; मामांची तक्रार मात्र पायाची. संध्याकाळ झाली की डावा घोटा सुजे. "मास्तर," एकदा ते मला म्हणाले, "छाती तं दुरुस्त झाली, पन या पायानं कोनाचं काय घोडं मारलं होतं?" पायाची मुख्य शीरच काढून नेली, आता पाय जन्माचा गेला, असे कोणीतरी त्यांच्या मनात भरवले होते. त्यांनी चालणेच सोडले होते. मी शाळामास्तर, वैद्य नव्हे. पण प्रश्न मनातून जाईना आणि उत्तर शोधता शोधता मी चारशे वर्षे मागे गेलो.

1603 साली इटलीतील पादुआ येथे फाब्रिसियस या अध्यापकाने शिरांमधल्या इवल्याशा झडपांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या कशासाठी असतात, हे त्याला नीट उमगले नाही. ते उमगले त्याच्या शिष्याला, विल्यम हार्वेला. 1628 च्या आपल्या ग्रंथात त्याने दाखवून दिले, की शिरांतले रक्त हृदयाकडेच जाते आणि झडपा त्याला मागे फिरू देत नाहीत. उभ्या माणसाच्या पायातले रक्त वर चढते ते या झडपांच्या आणि पोटरीच्या स्नायूंच्या बळावर. पाऊल टाकले की पोटरी आवळते आणि रक्त वर ढकलले जाते.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सच्या अलेक्सी कारेलने रक्तवाहिन्या सुईदोऱ्याने जोडण्याची रीत बसवली. 1912 चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. गंमत अशी की, शिरेला रोहिणीचे काम देण्याचा पहिला यशस्वी प्रयोग खोल शिरेवरच झाला. 1906 साली माद्रिदच्या गोयानेस या शस्त्रवैद्याने गुडघ्यामागची फुगलेली रोहिणी बाद करून शेजारच्या खोल शिरेतून रक्त वाहते केले. पण खोल शिरा म्हणजे पायाचे राजरस्ते. रक्त परत नेण्याचा मुख्य भार त्यांच्यावर. त्यांना हात लावायला पुढचे वैद्य कचरले. पॅरिसच्या कुनलँने 1948 मध्ये पायातल्या तुंबलेल्या रोहिणीला वळसा घातला, तो कातडीखालच्या लांब, वरवरच्या शिरेचा. झडपा आड येऊ नयेत म्हणून ती उलटी बसवायची! 1967 साली अमेरिकेत क्लीव्हलंड येथे रेने फावालोरो याने हीच शीर हृदयासाठी वापरली आणि बायपासची वाट रुळवली. हा अर्जेंटिनाचा डॉक्टर त्याआधी बारा वर्षे एका आडगावात वैद्यकी करीत होता, हे वाचून मेळघाटातल्या या मास्तरला विशेष बरे वाटले.

मामांच्या पायातून गेली होती ती हीच वरवरची शीर. राजरस्ता शाबूत होता.

पण मग ज्यांचा राजरस्ताच घेतला जातो त्यांचे काय? तशी वेळही येते. पोटातल्या महारोहिणीला बसवलेली कृत्रिम नळी कधी कधी जंतूंनी सडते. ती काढून तिथे रुग्णाची स्वतःची जाड शीर घालणे भाग पडते. अमेरिकेत डॅलस येथे क्लॅगेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 नंतरच्या दशकात मांडीतली खोल शीर त्यासाठी घेतली आणि मागे राहिलेल्या पायांवर वर्षानुवर्षे नजर ठेवली. काहींच्या पायाला सूज आली, पण बहुतेकांची ती सौम्य होती. घोट्यापाशी चिघळणारी जखम, चालताना पाय फुटेलसा ठणका, ही भीती बव्हंशी खोटी ठरली.

असे का व्हावे? आमच्या सिपना नदीकडे पाहावे. मुख्य धारेत दरड कोसळली तर पाणी कडेच्या ओघळांतून वाट काढते. मांडीत आणखी एक, अधिक खोल शीर असते. तिचा वरचा संगम शस्त्रवैद्य जपून ठेवतो. पोटरीतले रक्त बारीक जोडवाटांनी तिच्यात शिरते आणि त्या वाटा हळूहळू रुंदावतात. मात्र हे दान फुकटचे नाही. त्याच पायाची वरवरची शीरही गेली असेल, किंवा पायाला रक्तपुरवठाच तोकडा असेल, तर शस्त्रक्रियेनंतर लगेच स्नायूंत दाब कोंडू शकतो. तो मोकळा करण्यासाठी पुन्हा चीर द्यावी लागते. म्हणूनच खोल शीर घेण्याआधी पायाची नीट पारख करतात.

हे सारे मी मामांना आमच्या भाषेत समजावले. पुढच्या तपासणीला नागपूरच्या डॉक्टरांनीही तेच सांगितले: बसताना पाय उंचावर ठेवा, घट्ट मोजा घाला, आणि मुख्य म्हणजे चाला. पाय एकाएकी सुजून दुखू लागला, तर मात्र त्याच दिवशी दाखवायला या.

त्या दिवाळीत पहाटेच्या अभ्यंगस्नानानंतर मामा काठी टेकत सिपनेच्या काठापर्यंत चालत गेले. परतल्यावर घोटा चाचपून म्हणाले, "मास्तर, हा गडी अजून कामाचा हाय."