वंशकथा आणि व्यापारमार्ग : आयर्लंड व स्पेन यांचे नाते

आयरिश लोकांच्या पूर्वेतिहासाची जी परंपरागत कथा आहे, तिचा आरंभ आयर्लंडात होत नाही. तो स्पेनच्या वायव्य टोकाला, समुद्रकाठच्या एका उंच मनोऱ्यावर होतो. हा मनोरा ब्रेओगान नावाच्या राजाने बांधला. हिवाळ्यातील एका निरभ्र संध्याकाळी त्याचा पुत्र ईथ मनोऱ्यावर चढला असता त्याला दूर समुद्रापलीकडे एक अंधुक भूमी दिसली. तिच्या शोधात तो गेला आणि तेथे मारला गेला. त्याच्या वधाचा सूड उगवण्यासाठी मील एस्पाने याचे पुत्र जहाजे घेऊन निघाले आणि त्यांनी ते बेट जिंकले. त्यांच्यापैकी एरेमोनकडे उत्तर भाग आला व एबेरकडे दक्षिण. पुढील आयरिश राजकुळे आपली वंशावळ या भावांपर्यंत नेऊन भिडवीत. अकराव्या शतकात संकलित झालेल्या ‘लेबोर गाबाला एरेन’ या ग्रंथाने ही कथा स्थिर केली आणि १६३४ च्या सुमारास जेफ्री कीटिंग याने आयरिश भाषेत लिहिलेल्या आपल्या इतिहासात तिला पुन्हा प्रतिष्ठा दिली.

कथेतील मनोरा काल्पनिक नाही. गालीसिया प्रांतातील आ कोरुन्या या बंदरी रोमनांनी इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या संधिकाळात बांधलेले दीपगृह आजही उभे आहे. ‘हर्क्युलीसचा मनोरा’ या नावाने ते ओळखले जाते आणि २००९ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. परंतु आयर्लंडचा सर्वांत जवळचा किनारा तेथून सुमारे ९०० किलोमीटर दूर आहे. कितीही निरभ्र संध्याकाळ असली तरी तो मानवी दृष्टीच्या टप्प्यात येणे शक्य नाही. तेव्हा ईथला जी भूमी दिसली ती समुद्रावर नव्हे, ग्रंथात दिसली असे म्हणावे लागते.

हे ग्रंथ लॅटिन होते. टॅसिटसने आयर्लंडचे स्थान ब्रिटन आणि स्पेन यांच्या मधोमध कल्पिले होते. पाचव्या शतकाच्या आरंभी ओरोसियस या इतिहासकाराने ब्रिगान्तिया नगरीतील अत्युच्च दीपगृहाचे वर्णन केले आणि आयर्लंडची एक भूशिरे दुरून या नगरीकडे पाहते, असे लिहून ठेवले. दोन शतकांनी सेव्हिलच्या इसिदोरने ‘हिबर्निया’ हे नाव ‘हिबेरिया’शी जोडले. नवव्या शतकातील ‘हिस्टोरिया ब्रिटोनम’ या ग्रंथात आयर्लंडला आलेल्यांमध्ये ‘मिलेस हिस्पानिए’ याच्या तीन पुत्रांचा उल्लेख आहे. या शब्दांचा अर्थ केवळ ‘हिस्पानियाचा एक सैनिक’ असा होतो. आयरिश पंडितांच्या हाती हा सैनिक ‘मील’ झाला. सामान्यनामाचे विशेषनाम झाले आणि एका भाषांतरातून एका राष्ट्राचा आदिपुरुष जन्मास आला. बायबलमधील नोहापासून चालत आलेल्या विश्वेतिहासात आपल्या दूरस्थ बेटालाही मानाचे स्थान मिळावे, ही मठवासी लेखकांची निकड होती. स्किथिया, ईजिप्त आणि स्पेन या मार्गाने पूर्वजांना आयर्लंडात आणून त्यांनी ती भागविली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस जनुकशास्त्राने या कथेला अनपेक्षित आधार दिल्याचा भास काही काळ झाला. आयर्लंडच्या पश्चिम भागातील पुरुष आणि उत्तर स्पेनमधील बास्क पुरुष यांच्यात पितृवंशाने येणाऱ्या गुणसूत्राचा एकच प्रकार फार मोठ्या प्रमाणात आढळला. मीलचे वंशज सापडले, असे अनेकांना वाटले. परंतु पुढे प्राचीन अस्थींचे परीक्षण होऊ लागले तेव्हा चित्र पालटले. बेलफास्टजवळ सापडलेल्या सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या एका शेतकरी स्त्रीचा वंश मुख्यतः पश्चिम आशियातून आलेल्या कृषकांचा होता. त्यानंतर सुमारे हजार वर्षांनी रॅथलिन बेटावर पुरलेल्या पुरुषांत मात्र काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशातून पसरलेल्या लोकांचा अंश स्पष्ट दिसतो, आणि ते विशिष्ट गुणसूत्र त्यांच्याबरोबरच आलेले आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार इबेरियातही इसवी सनपूर्व २००० च्या सुमारास याच लोकांमुळे जवळजवळ सर्व पितृवंश पालटले. म्हणजे आयरिशांनी ते स्पेनकडून घेतले नाही. दोघांनाही ते तिसऱ्याच मूळस्थानाकडून मिळाले. हे नाते चुलत्यांचे आहे, पितापुत्रांचे नव्हे.

वंशाचा धागा असा विरळ ठरला, तरी समुद्रमार्गाचा धागा चांगलाच घट्ट आहे. मध्ययुगाच्या उत्तरार्धात गॉलवे, लिमरिक, वॉटरफर्ड या बंदरांतून कातडी, लोकर, खारवलेले मासे स्पेनकडे जात आणि तेथून मद्य, मीठ व बास्क प्रदेशातील लोखंड येई. स्पॅनिश मच्छीमार आयर्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर दरसाल येत आणि ओसुलिव्हन, ओड्रिस्कोल यांसारख्या स्थानिक सरदारांना त्याबद्दल कर देत. व्यापाराच्या वाटेनेच यात्रेकरूही जात. ट्यूम आणि मलिंगार येथील मध्ययुगीन थडग्यांत मृतांबरोबर पुरलेले शिंपले सापडले आहेत. सान्तियागोची यात्रा केल्याची ती खूण होय. कोलंबसाने आपल्या संग्रहातील एका ग्रंथाच्या समासात गॉलवे येथे पाहिलेल्या दृश्याची नोंद केली आहे. गॉलवेतील ‘स्पॅनिश कमान’ १५८४ साली नगराच्या तटाला जोडून बांधली गेली. तिचे नाव मात्र पुढील काळातील आहे. स्मृतीने दिलेली नावे पुष्कळदा अशी मागाहूनच येतात.

अशा स्मृतीचे ठळक उदाहरण १५८८ च्या आरमाराभोवती आढळते. पश्चिम आयर्लंडमधील काळ्या केसांचे लोक फुटलेल्या स्पॅनिश जहाजांवरील खलाशांचे वंशज होत, ही समजूत अद्याप ऐकू येते. वस्तुस्थिती कठोर आहे. दोन डझनांच्या आसपास जहाजे या किनाऱ्यावर फुटली. स्लायगोजवळच्या स्ट्रीडा येथील वाळवंटावर तीन जहाजे आदळून हजाराहून अधिक माणसे बुडाली. जे किनाऱ्याला लागले त्यांपैकी बहुतेकांना इंग्रज अधिकाऱ्यांनी ठार केले. फ्रान्सिस्को दे क्वेयार हा कप्तान वाचला तो मॅक्लान्सी नावाच्या आयरिश सरदाराच्या आश्रयामुळे. पुढल्या वर्षी अँटवर्पहून लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या या उपकारकर्त्यांना ‘रानटी’ म्हटले आहे. त्यांच्यात त्याला आपल्या वंशाचे बंधू दिसले नाहीत, ही गोष्ट वंशकथेच्या संदर्भात पुरेशी बोलकी आहे.

तथापि, पुराव्याच्या कसोटीला न उतरणारी ही कथा राजकारणात समर्थ ठरली. इंग्रजी सत्तेविरुद्ध उठलेल्या आयरिश सरदारांनी स्पेनच्या राजाकडे साहाय्य मागताना समान धर्माबरोबर समान वंशाचाही दाखला दिला. १६०१ साली हुआन देल आगिला याचे सैन्य दक्षिणेकडील किन्सेल येथे उतरले. उत्तरेतून ह्यू ओनील आणि ह्यू रो ओडॉनेल त्याच्या भेटीस निघाले. डिसेंबरमधील लढाईत आयरिशांचा दारुण पराभव झाला. ओडॉनेल नव्या मदतीसाठी स्पेनला गेला आणि आ कोरुन्याजवळ उतरला. त्याचा चरित्रकार लुई ओक्लेरी सांगतो की, ज्या स्थळाहून आपले पूर्वज निघाले तेथेच आपण उतरलो, हा त्याला शुभशकुन वाटला. शकुन खोटा ठरला. १६०२ च्या सप्टेंबरात सिमांकास येथे त्याचा अंत झाला आणि वायादोलिद येथील फ्रान्सिस्कन मठात त्याला पुरण्यात आले. २०२० साली तेथे उत्खनन झाले, पण त्याच्या अस्थींची निश्चिती झाली नाही. सहाशे वर्षांपूर्वी रचलेल्या वंशावळीवर विसंबून एक पराभूत सेनानी परक्या दरबारी न्याय मागावयास जातो, तेव्हा ती वंशावळ केवळ दंतकथा उरत नाही. ती इतिहासातील घटना बनते.

पराभवानंतरच्या दोन शतकांत हे नाते प्रत्यक्ष जीवनात उतरले. सालामांका येथे १५९२ साली स्थापन झालेले आयरिश महाविद्यालय १९५१ पर्यंत चालले. फिलिप ओसुलिव्हन बेअर याने स्पेनमध्ये शिक्षण घेतले आणि १६२१ साली लिस्बन येथे आपला लॅटिन इतिहास प्रसिद्ध केला; बेटावरून हद्दपार झालेला इतिहास परदेशी छापखान्यात जतन झाला. इबेर्निया, इर्लांदा आणि उल्तोनिया या आयरिश पलटणी १८१८ पर्यंत स्पेनच्या सैन्यात होत्या. निर्वासित आयरिश कुळातील रिकार्दो वॉल १७५४ मध्ये स्पेनचा मुख्य मंत्री झाला. स्लायगोकडचा अँब्रोस ओहिगिन्स कादिझमार्गे दक्षिण अमेरिकेत गेला आणि १७९६ मध्ये पेरूचा व्हाइसरॉय झाला. त्याच साम्राज्याविरुद्ध त्याचा पुत्र बर्नार्दो याने चिलीचे स्वातंत्र्ययुद्ध चालविले.

कथेचा उलट प्रवासही लक्षात घेण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकात गालीसियन भाषेचा कवी एदुआर्दो पोन्दाल याने ब्रेओगानला आयरिश परंपरेतून उचलून आपल्या प्रांताचा आदिपुरुष केले. त्याची ती कविता पुढे गालीसियाचे राज्यगीत झाली. आयर्लंडने स्पेनमध्ये कल्पिलेला पूर्वज अशा रीतीने स्पेनला परत मिळाला.

या दीर्घ देवघेवीचे मर्म एका लेखकाच्या नावात एकवटले आहे. वॉटरफर्डहून सेव्हिलला येऊन व्यापार करणाऱ्या ‘व्हाइट’ कुटुंबाने आपल्या आडनावाचे स्पॅनिश रूप ‘ब्लान्को’ असे केले. त्या घरात १७७५ साली जन्मलेला होसे मारिया धर्मगुरू झाला, पुढे त्या पंथापासून दुरावला, १८१० मध्ये इंग्लंडला गेला आणि स्पॅनिश व इंग्रजी या दोन्ही भाषांत त्याने लेखन केले. तेथे तो दोन्ही आडनावे लावू लागला : ब्लान्को व्हाइट. दोहोंचा अर्थ ‘पांढरा’ असाच आहे. स्पेनने त्याला दीर्घकाळ धर्मद्रोही म्हणून दूर ठेवले. १९७२ साली हुआन गोयतिसोलो याने त्याच्या इंग्रजी लेखनाचे स्पॅनिश भाषांतर सिद्ध केले, तेव्हा त्याची मातृभाषेत पुन्हा प्रतिष्ठापना झाली.

एका नामाच्या भाषांतरातून मील निर्माण झाला. दुसऱ्या नामाच्या भाषांतरातून ब्लान्को. पहिला कधी जगलाच नाही, दुसरा दोन देशांचा होऊन जगला. राष्ट्रांच्या नात्याचा शोध रक्तात घेणाऱ्यास पहिल्याचा मोह पडतो. परंतु आयर्लंड आणि स्पेन यांना खरोखर जवळ आणले ते दुसऱ्यासारख्यांनी : व्यापाऱ्यांनी, यात्रेकरूंनी, हद्दपार सैनिकांनी आणि दोन भाषांत संसार करणाऱ्या लेखकांनी.